मधलं म्हणजे बंद

साहेबरावांनी माझ्या टेबलावर एक स्विच ठेवला. काळा, गोल, फिरवायचा. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरच्या पेटीतून काढलेला, जुना.

"असाच लावून द्या मिस्त्री, जीपच्या डॅशबोर्डले. याची सवय हाय हाताले."

स्विचला तीन जागा होत्या. डावीकडे ऑटो, मध्ये बंद, उजवीकडे मॅन्युअल. ऑटोवर ठेवला की लाइन आल्यावर मोटर आपोआप सुरू होते. मॅन्युअलवर ठेवला की आपण सुरू करू तेव्हाच. मध्ये ठेवला की लाइन येवो, जावो, मोटर हलत नाही. आमच्याकडचा शेतकरी झोपेतही हा स्विच बरोबर फिरवेल.

मी वाशीममध्ये सव्वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. साहेबरावांची जीप आधीपासून माझ्याकडे येत होती. सरकारी लिलावात घेतलेली जुनी फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी. त्यांचं घर अनसिंगच्या पलीकडे, शेतातच. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर चारशे मीटर पांदण रस्ता, म्हणजे दोन शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत ऑटोरिक्षा जात नाही, ॲम्ब्युलन्स जात नाही. ही जीप जाते. पण लो गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या जेमतेम दुप्पट वेगाने. सहा किलोमीटरला चाळीस मिनिटं.

ती चाळीस मिनिटं त्यांना आठवड्यातून तीन वेळा जायला आणि तीन वेळा यायला लागत. त्यांच्या पत्नी सुमनबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठला वाशीमला डायलिसिसच्या मशीनवर चार तास. एक वार चुकला तर अंगात पाणी साचतं आणि श्वास लागतो.

त्या दिवशीही त्या मशीनवरूनच आल्या होत्या. मी त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली आणि चहा मागवला. त्यांनी अर्ध्या कपाचाही अर्धा घेतला. दिवसाचं पाणी मोजून, चहासुद्धा त्यातच धरायचा. जीप का गरम होते हे मी साहेबरावांना समजावत होतो, तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "आमी दोघी सारख्याच हाओ भाऊ. तिचं पाणी उकळते, माह्यं पाणी निघत नाई. नवऱ्याच्या नशिबाले दोन्ही अशाच."

साहेबराव हसले नाहीत. मीही हसू की नको अशा विचारात राहिलो. हसल्या त्या एकट्याच.

आता जीप का गरम होत होती ते सांगतो. इंजिनातलं गरम पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं आणि वाऱ्याने थंड होतं. गाडी वेगात असेल तर वारा आपोआप मिळतो. वेग नसेल तर रेडिएटरच्या मागे बसवलेला इलेक्ट्रिक पंखा तो वारा ओढतो. पंख्याला कधी फिरायचं हे थर्मो स्विच सांगतो. तो रेडिएटरच्या खालच्या टाकीत असतो. तिथे पाणी ९५ डिग्री झालं की पंखा चालू, ८८ झालं की बंद. यांच्या जीपची अडचण अशी, की जाळीवर चिखल, वेग नाही, आणि खालच्या टाकीत ९५ होईपर्यंत वर इंजिनात १०४ झालेले असत. मी थर्मामीटर लावून दोनदा मोजलं. पंखा सुरू व्हायचा, पण उशिरा. म्हणून त्यांना पांदण लागण्याआधीच स्वतःच्या हाताने पंखा सुरू करायचा होता. मागणी योग्य होती.

"चालूचा स्विच देतो. बंदचा कायले पाह्यजे?" मी विचारलं.

"नाल्यासाठी."

हेही योग्य होतं. वाटेत एक नाला आहे, पावसाळ्यात बंपरपर्यंत पाणी. पंखा फिरत असताना पाण्यात गेला तर त्याची पाती पाणी कापायला जातात, पुढे वाकतात आणि रेडिएटरला घासतात. त्यांचं एक पातं असंच तुटलं होतं. नाला ओलांडायला लागतात वीस-बावीस सेकंद. तेवढ्यापुरता पंखा थांबायला हवा.

म्हणून मी तीन जागांचा स्विच दिला. पेटीतला नाही, त्यात धूळ-पाणी जातं. गाडीसाठीचा, पण तसाच फिरवायचा. पंख्याचा चौदा अँपिअर करंट स्विचमधून जाऊ दिला नाही, तो रिलेमधून नेला. रिले म्हणजे त्यांच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये असतो तोच प्रकार: छोटा करंट इशारा देतो, मोठा करंट दुसऱ्या वाटेने जातो. तीस अँपिअरचा फ्यूज, पंख्याला चार स्क्वेअरची, म्हणजे जाड वायर. अर्ध्या दिवसाचं काम. ऑटो, बंद, मॅन्युअल, तिन्ही जागा तीन-तीन वेळा करून दाखवल्या. बंद असताना लागेल असा एक लाल दिवा बसवू का, विचारलं. साहेबराव म्हणाले, मोटरच्या पेटीले कुठी दिवा हाय? मी आग्रह केला नाही.

पाच आठवडे सगळं नीट चाललं.

मग एका गुरुवारी सकाळी सातला दहा कमी असताना फोन आला. साहेबरावांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"मिस्त्री, गाडी उकळली. सुमन गाडीतच हाय."

मी सांगितलं, रेडिएटरचं झाकण उघडू नका, थंड पाणी टाकू नका, गाडी आहे तिथेच राहू द्या, वहिनींना आधी काढा. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला, त्याने दोघांना डांबरीपर्यंत सोडलं, तिथून काळी-पिवळी टॅक्सी मिळाली. डायलिसिस केंद्रावर पोचले तेव्हा दहा पंचवीस झाले होते. आठच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. सिस्टरने दुपारी दोनचं मशीन मिळवून दिलं. तोपर्यंत सुमनबाई बाकावर बसून होत्या, आडवं झालं की श्वास लागत होता म्हणून.

मी मोटरसायकलने निघालो. डांबरी संपते तिथे ती उभी केली आणि बूट हातात घेऊन चालत गेलो, अडीच किलोमीटर. जीप पांदणीत मधोमध उभी होती. बॉनेट उघडं, किल्ली तशीच. डावीकडच्या सीटवर घडी करून ठेवलेली गोधडी होती, तिच्या खाली आणखी एक. खड्डे लागू नयेत म्हणून.

आत बसलो आणि डॅशबोर्डकडे पाहिलं. स्विच मध्ये होता.

बाहेर उतरून मी पुन्हा एकदा पाहिलं. वायर तुटली नव्हती, फ्यूज गेला नव्हता, रिले चांगला होता. माझ्या वायरिंगने सांगितलं ते केलं होतं. त्याला पंखा बंद ठेवायला सांगितलं होतं, त्याने बंद ठेवला. एखादी वायर जळालेली सापडली असती तर बरं वाटलं असतं.

इंजिन थंड झालं होतं. शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून चार बादल्या पाणी आणून हळूहळू भरलं. सुरू केलं. पांढरा धूर नाही, पाण्यात ऑइल नाही, म्हणजे इंजिनाचं हेड, वरचं झाकण, वाकलं नव्हतं. जीप ऑटोवर टाकली आणि वाशीमला आणली.

साहेबराव केंद्राच्या बाहेर बसले होते. मी स्विचचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना आधीच आठवलं होतं. बुधवारी संध्याकाळी ते शेताच्या दुसऱ्या टोकावरून जीप घेऊन घरी आले. उतरताना हात स्विचकडे गेला आणि तो मध्ये करून ते उतरले. रोज विहिरीवरून निघताना ते मोटरचा स्विच मध्येच करतात, कारण आपण नसताना कमी-जास्त लाइन आली तर मोटर जळते. सकाळी निघाले तेव्हा पत्नीला चढवायचं होतं, अंधुक होतं, स्विचकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काही वेगळं वाटलं नसतं. ती जागा त्यांच्या डोळ्याला बरोबरच दिसली असती.

तिथे मला कळलं. त्यांच्या विहिरीवर मधली जागा म्हणजे सगळ्यात सुरक्षित. काही विसरलं तरी नुकसान नाही. माझ्या वायरिंगमध्ये तीच मधली जागा सगळ्यात धोक्याची होती. तोच स्विच, त्याच जागा, आणि अर्थ बरोबर उलटा. हे मी विचारायला हवं होतं. मी फक्त मागितलं ते दिलं.

"चूक माही हाय मिस्त्री. तुमचं काम बरोबर होतं," ते म्हणाले.

मी नाही म्हणालो. चूक माझी होती आणि ती मी त्यांना शब्दात सांगितली.

त्यांनी ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "पोरगी म्हणते पुण्याले या. तिथं दवाखाना घरापासून दहा मिनिटावर हाय. सुमन नाई म्हणते. मरन तं मरन, पण झोपीन आपल्या घरी, असं म्हणते. आजपर्यंत मी तिच्याच बाजूनं होतो." मग माझ्याकडे वळले. "तुमी सांगा. या गाडीवर भरोसा ठेवू का नोको? माह्या मनाचं नोका सांगू. हिशेबानं सांगा."

हिशेबाने सांगायचं तर त्या क्षणी उत्तर 'नको' असं होतं. पुढचा वार शनिवार. माझ्याकडे शुक्रवार होता. मी म्हणालो, शुक्रवारी संध्याकाळी सांगतो.

ते दोन दिवस दोघं आमच्याकडेच राहिले. माझ्या बायकोने पहिल्यांदाच बिनमिठाचं वरण केलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं. सुमनबाईंनी कौतुक केलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दर दोन तासांनी शेजाऱ्याला फोन करून म्हशीचं विचारत होत्या. बायकोने त्यांना सांगितलं, आमचं घर म्हणजे तुमचंच घर. त्या म्हणाल्या, "हो बाई, तुमचं घर चांगलंच हाय. पण झोप थिकडंच रायली."

शुक्रवारी सकाळी तीन जागांचा स्विच काढून टाकला. थर्मो स्विचची वायर सरळ रिलेला जोडली, कायमची. आता ती कोणी हाताने तोडू शकत नव्हतं. पंखा आधी सुरू करायला एक साधा वर-खाली स्विच दिला, थर्मोच्या जोडीने. तो चालू असो, बंद असो, ९५ डिग्री झाले की थर्मो आपलं काम करणारच. तो चालू राहिला तर हिरवा दिवा लागतो. या वेळी दिव्याचं विचारलं नाही.

राहिला नाला. पंखा थांबवायचा तर हवा, पण थांबलेला राहायला नको. यासाठी स्प्रिंगचं बटण असतं. दाबून धरलं तेवढा वेळ करंट तुटतो, बोट काढलं की पुन्हा जोडला जातो. म्हणजे विसरायचं म्हटलं तरी बोट तिथे ठेवूनच विसरावं लागेल. दुकानात बटण लाल मिळालं. मी काळं शोधून आणलं. मोटरच्या स्टार्टरवर लाल बटण एकदा दाबून सोडून द्यायचं असतं. एकाच शेतकऱ्याच्या सवयीत दोनदा अडकायचं नव्हतं.

बटण कुठे बसवायचं यावर गाडी अडली. मी स्टिअरिंगजवळ जागा खुणावली. साहेबराव सीटवर बसले, नाल्यात उतरताना करतात तसं करून दाखवलं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर. दगड लागला की स्टिअरिंग झटका मारतं, तेव्हा दोन्ही हात त्यावर. बटण दाबून धरायला तिसरा हात नव्हता. पायाने दाबायचं म्हटलं तर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. पायही संपले.

सुमनबाई माझ्या दुकानात खुर्चीवर होत्या. त्या उठल्या, जीपजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मंग मी दाबतो की."

साहेबराव म्हणाले, "तू कायले? तू गुमान बसत जाय. तुह्या हाताले जोर द्याले मनाई हाय."

सुमनबाईंच्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी ऑपरेशन करून मोठी केलेली आहे. सुया त्याच हाताला लागतात. त्या हाताने काही उचलायचं नाही, दाबायचं नाही, त्यावर झोपायचंही नाही.

त्यांनी तो हात पदराखाली घेतला आणि उजवा पुढे केला. "थो हात मशीनचा हाय. हा रिकामाच हाय. अडीच वर्सं झाले, तुमी मले पोत्यासारखं नेऊन राह्यले. याले तरी काम द्या."

साहेबरावांनी खाली उतरून पत्नीला डाव्या सीटवर बसवलं. मी त्यांना उजवा हात सहज पुढे करायला सांगितला आणि बोट टेकलं तिथे खडूने खूण केली. सीटच्या पाठीपासून अठ्ठावन्न सेंटिमीटर. पुढे वाकावं लागत नव्हतं.

मग बटणाची स्प्रिंग. माझ्याकडे चार बटणं होती. शेजारच्या किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर एकेक दाबून पाहिलं. सगळ्यात कडक नऊशे ग्रॅमला दबलं, सगळ्यात नरम साडेतीनशेला. नरम घेतलं आणि त्यावर एक रुंद टोपी बसवली, म्हणजे बोटाने नाही तर तळहातानेही दाबता येईल.

माझा एक प्रश्न राहिला होता. कामाचा होता, म्हणून विचारला. "वहिनी गाडीत नसल्या तर नाल्यात बटण कोण धरेल?"

मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असावं, असं साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"थे नसली तं मले नाल्यापार जाचं कायले?"

मी पाना उचलला आणि बटणाचं नट घट्ट केलं. आधीच घट्ट होतं.

संध्याकाळी हिशेब सांगितला. थर्मो एकटा काम करतो, हाताचा स्विच विसरला तरी करतो. हाताचा स्विच चालू राहिला तर दिवा दिसतो. तरीही राहिलाच तर बॅटरी उतरेल, इंजिन वाचेल. वहिनींचा हात नाल्यात मधेच सुटला तर फार तर पातं तुटेल, ते मी अर्ध्या तासात बदलून देईन. इंजिन उकळायला आता थर्मो, रिले, फ्यूज यांच्यापैकी काहीतरी खरोखरच बिघडावं लागेल. तिन्हीचे जादा नग सीटखालच्या डब्यात ठेवले. एवढं असताना भरोसा ठेवायला माझी हरकत नाही. "पण शनिवारी मी सोबत येतो," मी म्हणालो. "पाहिल्याशिवाय सही करत नाही."

शनिवारी डायलिसिस झाल्यावर मी मागच्या सीटवर बसलो, थर्मामीटरची वायर इंजिनापासून माझ्या मांडीपर्यंत ओढून. पांदण लागायच्या आधी साहेबरावांनी स्विच वर केला. हिरवा दिवा लागला. चार किलोमीटर लो गिअर. आकडा ९१, ९२, परत ९१. सुमनबाई थकलेल्या होत्या. मशीनवरून उतरल्यावर त्या नेहमी डोळे मिटून बसतात, असं साहेबरावांनी सांगितलं होतं. त्या दिवशी उघडे होते.

नाला आला. आदल्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाला असावा, पाणी बंपरला लागेल एवढं होतं.

"धर," साहेबराव म्हणाले.

सुमनबाईंनी उजवा हात पुढे करून टोपी दाबली. पंख्याचा आवाज थांबला. जीप खाली उतरली. पाणी आत कुठेतरी घुसल्यासारखा आवाज झाला. एका दगडावर पुढचं चाक उचललं, आम्ही तिघंही उजवीकडे कललो, पण हात सुटला नाही. त्यांनी डावा हात छातीशी धरला होता. मी घड्याळ पाहत होतो. चौदा, पंधरा, सोळा. पुढची चाकं वर आली.

"सोडू?"

"मागचे येऊ दे."

मागची चाकं वर आली. चोवीस.

"सोड."

पंखा सुरू झाला. सुमनबाईंनी हात मांडीवर ठेवला, बोटं एकदा उघडली, मिटली. मग मागे न वळता मला म्हणाल्या, "किती झाले भाऊ?"

"चोवीस सेकंद. ९३ डिग्री."

"ल्याहा," त्या म्हणाल्या. "दाबणाऱ्याचं नाव बी ल्याहा."

मी लिहिलं.

ते पुण्याला गेले नाहीत. त्याला आता वर्षाहून जास्त झालं. जीप त्यानंतर उकळली नाही. डायलिसिसचा एक वार चुकला, पण तो नाल्याला पूर आला म्हणून. त्यावर माझ्याकडे स्विच नाही. दोनदा स्विच चालू राहून बॅटरी उतरली, दोन्ही वेळा ढकलून सुरू झाली. पातं एकही तुटलेलं नाही. दर दोन महिन्यांनी जीप माझ्याकडे येते, मी रिले आणि फ्यूज पाहतो, आणि सुमनबाई बटण सैल झालं का ते स्वतः दाबून पाहतात. आजवर दर वेळी त्यांचं समाधान झालेलं आहे.

माझ्या कामात एक बदल झाला. पूर्वी काम पूर्ण झालं की मी गिऱ्हाइकाला प्रत्येक स्विच चालू करून दाखवायचो. आता आधी विसरून दाखवतो.